दोन्ही नद्या एकाच दिवशी

पाऊस सरासरी किती पडतो हे विचारायला माझ्याकडे कुणी येत नाही. त्यासाठी आमच्या कार्यालयात खालच्या मजल्यावर वेगळी माणसं आहेत. ती समाधानी असतात आणि डबा खाऊन झाला की खुर्चीतच डोळे मिटतात. माझ्याकडे लोक येतात ते वाईटात वाईट काय होईल हे विचारायला. डोंगरात जागोजागी पाऊस मोजणारी यंत्रं आहेत, नद्यांच्या काठी पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्ट्या आहेत, आणि त्यांचे कित्येक वर्षांचे आकडे आमच्याकडे आहेत. त्यातले साधे दिवस बाजूला ठेवायचे, फक्त टोकाचे घ्यायचे, आणि त्यांच्यावरून अजून कुणी पाहिलेलाच नाही अशा पुराचा अंदाज बांधायचा. तोही एका जागेचा नाही, अख्ख्या खोऱ्याचा. इथं पाण्यानं टोक गाठलं तर त्याच वेळी तिथं काय चाललेलं असेल, हा खरा प्रश्न. ‘अति तिथं माती’ असं आई माझ्या कामाचं वर्णन करते. पगार मात्र वेळेवर होतो हेही ती लगेच जोडते, कारण ती न्यायी बाई आहे.

त्या वर्षी माझ्याकडे आलेलं काम तळगल्लीचं होतं. आमच्या गावात दोन नद्या मिळतात. एकीचं पाणी काळपट, दुसरीचं मातकट, म्हणून लोक त्यांना काळी आणि भुरी म्हणतात. त्या जिथं मिळतात त्या बेचक्यात तळगल्ली आहे. एक बेकरी, दोन-तीन शिंपी, सायकलींचं एक दुकान, आणि बाकी सगळी पुढे दुकान मागे घर अशी बैठी घरं. ही गल्ली राहू द्यायची, की रिकामी करून ती जागा नद्यांना मोकळी सोडायची, हे नगरपालिकेला ठरवायचं होतं. आमच्या नकाशावर गल्ली लाल आली की घरं जाणार, पिवळी आली की राहणार. आणि त्या गल्लीच्या शेवटच्या घरात माझी मावशी राहत होती.

मावशी चष्मे करते. काचा घासून, फ्रेमच्या मापाला आणून बसवते. तिचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी होतं. त्या खिडकीत ऊन कधी येत नसे, पण दिवसभर एकसारखा उजेड असे, आणि काचेवरचा बारीक ओरखडा त्याच उजेडात दिसतो असं तिचं म्हणणं. दिव्याखाली केलेला चष्मा ती चष्मा मानतच नाही. माझा पहिला चष्मा तिनंच केला. मला फळ्यावरचं दिसत नाही हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी मठ्ठ आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. मावशीनं मला स्टुलावर बसवलं, डोळे तपासायची जड गोल फ्रेम माझ्या नाकावर ठेवली आणि एकेक काच सरकवत ‘आता कसं? आणि आता?’ असं विचारत राहिली. समोरच्या बेकरीच्या छपरावर कबुतरं बसतात हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती मला ढापणी म्हणते. आता माझ्या दारावर पाटी आहे, नावापुढे पदव्या आहेत, पण तळगल्लीत मी ढापणीच.

आई तिची थोरली बहीण. जन्मभर नर्स होती, आता निवृत्त होऊन वर चढावरच्या इमारतीत एकटी राहते. मी पलीकडच्या रस्त्यावर राहते. याहून जवळ राहिले असते तर आमचंही बिनसलं असतं. आई आणि मावशी यांचा छत्तीसचा आकडा. भांडायला कारण लागत नाही. रेडिओचा आवाज, पडद्याचा रंग, लहानपणी कुणी कुणाची छत्री हरवली, काहीही चालतं. मग महिना महिना अबोला, आणि निरोप पोचवायला मी. पण बाबा गेले त्या दिवशी, अबोला चालू असतानाच, मावशी दुकान उघडं टाकून चढ चढून आली, आणि पुढे कितीतरी दिवस आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपली. मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा, ‘तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही’ असं नुकतंच जाहीर केलेली आई तिच्या उशाशी बसून डॉक्टरांनाच शिकवत होती. बरं वाटायला लागलं की पुन्हा पडद्याचा रंग. सगळ्याच बहिणींचं असं असतं अशी माझी लहानपणी समजूत होती.

मी काम हातात घेतलं तेव्हा बाहेरच्या एका सल्लागारानं केलेला नकाशा आधीच फिरत होता, आणि त्यात तळगल्ली लालभडक होती. नगरपालिकेनं तो गल्लीच्या खांबावर चिकटवला. मावशीनं तो अलगद सोडवून आणला, आणि कागद जाड व गुळगुळीत आहे म्हणून त्याचे तुकडे करून त्यात काचा गुंडाळून ठेवल्या. तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. दोन्ही नद्या एकदम चढलेल्या आपण जन्मात पाहिल्या नाहीत, असं ती म्हणाली. काळी चढते तेव्हा भुरीत पोरं गुडघाभर पाण्यात खेळत असतात, आणि भुरी चढली की काळी आपली शहाण्यासारखी खाली. मधे डोंगराची धार आहे, ढग एक तर अलीकडे रिकामा होतो नाही तर पलीकडे. मला तिचं ऐकून धीर आला, कारण धीर मला हवाच होता.

लवकरच मला सल्लागाराची चूक सापडली, आणि चूक अशी की ती आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे. त्यानं प्रत्येक ठिकाणचा दर वर्षीचा सर्वात मोठा आकडा उचलला होता, तारखा टाकून दिल्या होत्या, आणि ते सगळे मोठे आकडे जणू एकाच दिवशी आले असं धरून पूर काढला होता. म्हणजे घरातल्या प्रत्येकाला वर्षातून कधीतरी ताप येतोच. ते सगळे ताप उचलून एकाच रात्रीत आणायचे आणि म्हणायचं, हे घर बंद करा, इथं सगळेच फणफणलेत. काळीचा वाईट दिवस एका महिन्यातला, भुरीचा दुसऱ्या महिन्यातला, आणि यानं त्यांची गाठ आपल्या कागदावर घालून दिली होती. असा दिवस कधी उजाडलाच नव्हता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं मला झालं.

मी तारखा परत जोडल्या. पाण्याच्या उंचीवर एक रेघ ठरवली, तिच्या वरचं ते मोठं पाणी. मग काळीला मोठं पाणी आलं त्या त्या दिवशी भुरी काय करत होती ते पाहिलं. भुरी काहीच करत नव्हती. उलटंही तेच. डोंगरातल्या पावसाचे आकडे घेतले, तर धारेच्या दोन बाजूंना एकमेकींची खबरच नव्हती. मावशी म्हणत होती तेच आकडे म्हणत होते. नव्या नकाशात तळगल्ली पिवळी झाली, आणि पिवळा रंग इतका सुंदर असतो हे मला तेव्हा समजलं.

नकाशा साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आधीच मी तळगल्लीत पोचले. मावशीला सांगितलं की घर राहतंय. ती हातातली काच पुरी घासून मगच उठली, हात पुसले, माझा चष्मा माझ्या नाकावरून काढून पुसला, परत लावला आणि म्हणाली, ‘‘तुला हा लावून दिला ते फुकट गेलं नाही म्हणायचं.’’ तिच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं खिडकीच्या चौकटीला रंग दिला आणि काचा घासायचं नवं यंत्र आणवून जमिनीत बोल्ट ठोकून बसवून घेतलं. तोवर ते लांबणीवर टाकलं होतं, घर जाणार तर कशाला म्हणून. गल्लीभर बातमी तिनंच केली. बेकरीवाला माझ्याकडून पावाचे पैसे घेईना. मला हे सगळं आवडलं, हे मी लपवत नाही.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे शंकासुर म्हणतो. दोन वाजलेत असं सांगितलं तर कुठल्या घड्याळात, असं विचारणारा हा माणूस. त्यांनी माझा नकाशा बराच वेळ पाहिला, सल्लागाराची चूक पकडली म्हणून मनापासून कौतुक केलं, आणि मग विचारलं की मोठ्या पाण्याची रेघ मी कुठं धरली. मी सांगितलं. ती वर नेऊन पाहिली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले की वर नेली तर दिवस फारच थोडे उरतात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यावरून काय बोलणार.

‘‘बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण आपण पगार त्याच थोड्या दिवसांचा घेतो ना?’’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तळगल्लीत माझी मावशी राहते ना, असं विचारलं. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं, तर त्यांनी बोटानं चष्म्याकडे दाखवलं.

‘‘हा त्यांनीच केलाय. काम तुम्हाला दिलं ते माहीत असूनच. जिथं आपलं माणूस असतं तिथं आपण दोनदा तपासतो, असं मला वाटलं.’’

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. टोमणा असता तर मला रागवता आलं असतं. मी दोनदा तपासलं नव्हतं. आकडे मला हवं ते बोलले त्या क्षणी मी त्यांना गप्प बसवलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आकड्यांच्या बाबतीतही होतं, आणि जो सल्लागाराला हसतो त्याचंच आधी होतं.

जागेवर येऊन मी रेघ वर न्यायला लागले. थोडी वर नेली. काही दिवस गळले, चित्र तेच. आणखी वर नेली. मग चित्र बदलायला लागलं. उरलेल्या दिवसांत काळी चढलेली असताना भुरीही चढलेली होती. रेघ जितकी वर, तितकी दोघींची गाठ पक्की. पावसाचे आकडे घेतले, तिथंही तसंच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडू नये असं फार वाटलं. नेहमीचा मोठा पाऊस एखाद्या ढगाचा असतो, तो धारेच्या या बाजूला पडतो किंवा त्या बाजूला. पण खरोखरचा अफाट पाऊस अख्ख्या आभाळाचा असतो. त्याला ती धार दिसतसुद्धा नाही. मी शेकडो साध्या पुरांना विचारत होते की तुम्ही एकत्र येता का, आणि ते खरं सांगत होते की नाही. ज्यांना विचारायला हवं होतं ते थोडे होते आणि बाजूला उभे होते.

मी हार सहज मानली नाही. एका यंत्रावर संशय घेऊन ते वगळलं. मग सर्वात मोठ्या दिवसावरच संशय घेतला. गणिताची रीत बदलली, मग आणखी एक बदलली. उत्तराचा पल्ला रुंद होता, अशा कामात तो असतोच. पूर पुढच्या वर्षी येईल किंवा आम्ही सगळे म्हातारे होऊन जाऊ तरी येणार नाही. लोकांना वाटतं शंभर वर्षांतून एकदा म्हणजे तो शंभर वर्षं थांबतो. तो थांबत नाही. दर वर्षी शंभरांतली एक चिठ्ठी त्याच्या नावाची, आणि दर वर्षी डब्यात सगळ्या चिठ्ठ्या परत. पण पल्ल्याचा कुठलाही भाग धरला तरी तळगल्ली लालच होत होती, सल्लागाराच्या इतकी भडक नाही, पण लाल. त्याचं उत्तर चुकीच्या वाटेनं गेलं होतं, आणि वाट नीट धरून मीही त्याच दारात येऊन उभी राहिले होते.

मी नकाशा शंकासुरांना दिला. त्यांनी सगळं तपासलं, माझ्यासाठी खालून चहा मागवला आणि गल्लीला अधिकृत पत्र जायच्या आधी मावशीला मी स्वतः सांगावं असं सुचवलं. ते सुचवायची गरज नव्हती. फक्त माझे पाय उचलत नव्हते.

वाटेत मी आईकडे थांबले. त्या दोघींचा तेव्हा अबोला चालू होता, छत्रीवरून की पडद्यावरून ते आता आठवत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलली नाही, हे तिच्या स्वभावात नाही. मग उठून बाहेर जायचं स्वेटर घातलं. तू कशाला येतेस, तुमचं बोलणं बंद आहे, असं मी म्हटलं. तिनं मला किल्ल्या दिल्या आणि दार ओढून घ्यायला सांगितलं.

मावशी खिडकीशी होती. आईला पाहून तिच्या भुवया वर गेल्या. तिनं नवं यंत्र बंद केलं आणि दोन स्टुलं पुढे सरकवली. यंत्र थांबल्यावर दुकान फारच शांत झालं. मी पाठ करून आले होते ते सगळं विसरले. मी सरळ सांगितलं की माझं चुकलं, घर राहत नाही. रेघेचं सांगितलं, ढगांचं सांगितलं. एरवी दोन्ही नद्या आपापल्या वाटेनं जातात, पण खरंच मोठं संकट आलं की दोघी एकाच दिवशी येतात, आणि तो दिवस या घरात पाणी छातीपर्यंत आणेल.

मावशीनं हातातली काच उजेडात धरली, उलटसुलट केली. तिला राग आला असेल असं मला वाटलं, पण आवाज अगदी साधा होता.

‘‘मग त्या दिवशी राहतंय म्हणालीस ते?’’

‘‘ते मला राहायला हवं होतं म्हणून,’’ मी म्हणाले. ‘‘आकडे मला आवडले तिथंच मी थांबले.’’

‘‘मग आज तरी कशाला पुढं गेलीस? नसतं सांगितलंस तर मला काय कळणार होतं?’’

‘‘तू मागच्या खोलीत खाली झोपतेस, मावशी. मला रोज पाऊस आला की तेच दिसेल.’’

इथं मला रडू आलं. मोठ्या पदावरच्या बाईनं स्टुलावर बसून नाक ओढत रडणं शोभत नाही, पण त्या स्टुलावर मी कधीच मोठी झालेली नाही. मावशीनं काचा पुसायचा मऊ कपडा माझ्याकडे टाकला. मग ती आपल्या मुद्द्यावर परत आली. तुझं गणित असेल खरं, पण मी इतकी वर्षं इथं आहे, दोन्ही नद्या एकदम चढलेल्या मी पाहिल्या नाहीत, असं म्हणाली. मी सांगितलं की आमच्या नोंदींतले तसे बहुतेक दिवस ती या गल्लीत यायच्या आधीचे आहेत. मधे एक त्यांच्यापेक्षा लहान आहे, तिचं ऑपरेशन झालं त्या वर्षीचा.

‘‘त्या वर्षी काही झालं नव्हतं,’’ मावशी म्हणाली.

‘‘तू दवाखान्यात होतीस,’’ आई म्हणाली.

तोवर ती दाराशेजारी गप्प बसून होती. आता ती बोलली ती मावशीकडे न बघता, जमिनीकडे बघत. त्या आठवड्यात पाणी या दुकानात घोट्यापर्यंत आलं होतं. बेकरीवाल्यानं दवाखान्यात येऊन सांगितलं. मावशीचे टाके ओले होते, ताप उतरत नव्हता, तिला सांगायचं नाही असं आईनं ठरवलं. मावशीला झोप लागली की आई तिथून इकडे यायची. चिखल काढला, काचांचे खण एकेक करून धुतले, फरशी पुसली, दारं-खिडक्या उघड्या ठेवून घर वाळवलं, आणि मावशी घरी यायच्या आत सगळं होतं तसं लावून ठेवलं. बेकरीवाल्याला दम भरला. मला मात्र घरी झोपायला जाते असं सांगायची. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मावशीनं हातातली काच खाली ठेवली.

‘‘दारात पाऊल ठेवणार नाही म्हणाली होतीस.’’

‘‘पाऊल कुठं ठेवलं? सगळा चिखलच होता.’’

‘‘तरीच माझे खण उलटे लागले होते,’’ मावशी म्हणाली. ‘‘मोठे नंबर खाली. मला वाटलं गुंगीच्या औषधानं माझंच डोकं फिरलं.’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘ढापणे, त्या तुझ्या नद्यांचं परत सांग. एरवी तोंड बघत नाहीत आणि संकटात एकत्र येतात, असंच ना?’’

‘‘असंच,’’ मी म्हणाले.

‘‘मग हिला दाखव की तो नकाशा. हिला कळेल. यात भुरी कोण ते मी सांगायला नको.’’

आईनं नाक मुरडलं. पण मावशीचा हसरा चेहरा फार वेळ टिकला नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं, नव्या रंगाकडे, आणि तिचे खांदे उतरले. घराचं मी सोडून देईन, ती म्हणाली; घर म्हणजे काय, चार भिंती. पण नगरपालिका चढामागे जे घर देणार होती ते ती आधीच पाहून आली होती, आणि त्याची खिडकी जिन्यात उघडत होती. तिथं बसून ती काय करणार? दिव्याखाली चष्मे? माझ्याकडे ये म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण माझ्या घराच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत आहे. उजेडाशिवाय मावशीला घर देणं म्हणजे तिला खुर्चीत बसवून ठेवणं. ती वाहून जाणार नाही, पण उरणारही नाही, हे आम्हा तिघींना समजत होतं.

‘‘माझ्याकडे चल,’’ आई म्हणाली.

‘‘तुझ्याकडे बाहेरच्या खोलीत दुपारभर ऊन, ताई. डोळे फुटतात.’’

‘‘आतल्या खोलीत येत नाही. ती खिडकी उत्तरेला आहे.’’

‘‘ती तुझी झोपायची खोली.’’

‘‘झोपायला उजेड कशाला लागतो?’’ आई म्हणाली. ‘‘मी बाहेर झोपेन. टेबल कुठं लावायचं ते मी सांगेन, पण. आणि पडदा मी म्हणेन त्या रंगाचा.’’

‘‘उत्तरेच्या खिडकीला पडदा लावतात का कुणी?’’ मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच फाटला. तिनं डोळे पुसले नाहीत. ती उठली, पाना घेतला आणि नव्या यंत्राचा पहिला बोल्ट सैल करायला बसली. तो इतका घट्ट ठोकलेला होता की निघेना. मग आई स्वेटरच्या बाह्या सरसावून शेजारी बसली, दोघींनी मिळून पाना ओढला, आणि पाना कुठल्या बाजूला फिरवायचा यावरून त्यांचं भांडण सुरू झालं. मी रडत होते आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तळगल्ली रिकामी झाली. सगळ्यांचं मावशीसारखं झालं नाही. बेकरीवाल्याला चढावर जागा मिळाली, पण तो आता माझ्याकडून पावाचे पैसे घेतो, आणि त्याला ते शोभतं. सायकलवाला गाव सोडून गेला. घरं होती तिथं आता गवत आहे, आणि संध्याकाळी लोक तिथून फिरायला जातात. मी फारशी जात नाही.

पूर अजून आलेला नाही. काळी येते, भुरी येते, वेगवेगळ्या, आपापल्या वेळेला. मावशी आईच्या खिडकीत बसून खाली बघते. तिथून दोन्ही नद्या दिसतात, आणि मी आत पाऊल टाकलं की तिचं ठरलेलं असतं. ‘‘काय ढापणीबाई, कुठाय तुझा पूर? आणखी एक वर्ष फुकट घालवलंस माझं.’’ बाहेरच्या खोलीतून आई म्हणते की फुकट कुणाचं गेलं ते तिला विचार, रेडिओ केवढ्यानं लावते ती. बाहेर पलंग लावल्यापासून आईची कंबर दुखते, हे तिनं मला सांगितलेलं नाही. मावशीनं सांगितलं, आणि आईला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली. रोज सकाळी त्या पलंगावरची गादी झटकून उलटी करते ती मावशीच.

मी मावशीला म्हणते, येईल, गणित खोटं नाही. आणि मनात म्हणते, या दोघी असेपर्यंत नको येऊ दे, त्यांना मला जन्मभर चिडवू दे. माझ्या धंद्यात असं मागणं बसत नाही, पण मी ते दर पावसाळ्यात मागते. मग मावशी हात पुढे करते. मी चष्मा काढून तिच्या हातात देते, आणि ती तो आईच्या खोलीतल्या त्या उजेडात धरून पुसून देते.